गेमची छापील गाइडं: कोकणात बसून जमवायची, वापरायची आणि जगवायची कशी

व्हिडिओ गेम कसा खेळायचा, त्यात कुठे काय दडलंय हे सांगणाऱ्या पुस्तकांचा, म्हणजे छापील स्ट्रॅटेजी गाइडांचा, बाजार उठून आता बरीच वर्षं झाली. अमेरिकेतलं यातलं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे प्रायमा. १९९० मध्ये सुरू झालेल्या या प्रकाशनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याचं जुनं प्रतिस्पर्धी ब्रॅडीगेम्स त्याआधीच, २०१५ मध्ये, त्याच्यात सामावलं होतं. आज कुठलाही बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, कसा मारायचा ते युट्यूबवर दहा जण दहा तऱ्हांनी दाखवतात. अशा दिवसांत कुणी गाइडं जमवायला लागलं की घरचे विचारतातच, "याचं करणार काय?"

करायचं काय, तर वाचायचं आणि वापरायचं. व्हिडिओ तुम्हाला एका अडचणीतून बाहेर काढतो आणि तिथेच संपतो. चांगलं गाइड अख्खा गेम उलगडून समोर ठेवतं. कुठल्या दरवाजामागे काय होतं, कुठला रस्ता आपण घेतलाच नाही, शत्रूच्या अंगात किती दम होता, सगळं एका जागी. गेम संपल्यावरही ते वाचता येतं, किंबहुना तेव्हाच जास्त मजा येते. कोकणातल्या माणसाला आणखी एक कारण आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ येऊन गेल्यावर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत लाइट परत यायला आठवडे लागले. एरवीही पहिल्या जोरदार सरीला लाइट जाते आणि पाठोपाठ मोबाइलची रेंज. तेव्हा कन्सोल गप्प बसतो, गाइड चालू असतं.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही राहत असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल, कारण आपल्याकडे खरा प्रश्न पैशांचा कमी आणि ओलीचा जास्त आहे.

पहिली पायरी: आधी गेम, मग गाइड

यादी करायला बसा, पण दुर्मिळ गाइडांची नको. तुम्ही मनापासून खेळलेल्या गेमची करा. आपल्यापैकी बहुतेकांचं बालपण सायबर कॅफेत तासावर खेळण्यात गेलं: व्हाइस सिटी, एज ऑफ एम्पायर्स, प्रिन्स ऑफ पर्शिया, मोस्ट वाँटेड. पहिलं गाइड यांपैकीच एखाद्याचं असू दे. न खेळलेल्या गेमचं गाइड म्हणजे न पाहिलेल्या गावचं टाइमटेबल. चकचकीत असलं तरी हातात फार वेळ टिकत नाही.

व्हाइस सिटीच घ्या. शहरात १०० हिडन पॅकेज (लपवलेल्या पुड्या), ३५ रॅम्पेज (ठरलेल्या वेळातली मारधाड) आणि ३६ युनिक जंप (गाडीच्या खास उड्या) आहेत. कॅफेत तासाचे पैसे मोजत खेळणाऱ्या कुणी ही सगळी शोधली असतील असं मला वाटत नाही. ब्रॅडीगेम्सचं त्या गेमचं गाइड उघडलं की ज्या गल्लीतून आपण शंभरदा गाडी फिरवली तिथेच एका छपरावर पॅकेज होतं, हे कळतं. हा चटका ज्याला आवडतो त्यानेच या छंदात पडावं. नुसती किंमत वाढेल म्हणून घेणार असाल तर त्यापेक्षा आंब्याचं कलम लावा.

दुसरी पायरी: काय मागायचं ते ठरवा

प्रकाशनांची चार नावं ओळखीची असली की पुरतं. प्रायमा आणि ब्रॅडीगेम्स ही जुनी, पेपरबॅकवाली, सगळ्यांत जास्त सापडणारी. प्रायमाने सगळ्याच गेमवर गाइडं काढली, त्यामुळे त्यांत उत्तमही आहेत आणि घाईघाईत उरकलेलीही. स्कायरिमचं त्यांचं २०११ चं गाइड सहाशेहून जास्त पानांचं आहे, उशाला घेऊन झोपता येईल इतकं. ब्रिटनचं पिगीबॅक आणि जर्मनीचं फ्यूचर प्रेस ही दोन कमी काढतात पण नेटकी काढतात. ती अजून चालू आहेत. झेल्डाच्या ब्रेथ ऑफ द वाइल्डचं पिगीबॅकचं गाइड आणि एल्डन रिंगचं फ्यूचर प्रेसचं, ही दोन्ही नवीन माणसाने एकदा तरी चाळून पाहावीत. त्यांतले तक्ते आणि नकाशे पाहिले की गाइड किती मन लावून करता येतं ते समजतं.

आवृत्ती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ब्रेथ ऑफ द वाइल्डचं पहिलं गाइड २०१७ चं, त्यात नंतर आलेलं जादा कंटेंट नाही. ते २०१८ च्या वाढीव आवृत्तीत आहे. ज्याला त्या गेममध्ये लपवलेल्या ९०० कोरोक बिया आणि १२० श्राइन (कोड्यांची छोटी देवळं) शोधायची आहेत त्याचं काम पहिल्या आवृत्तीतही भागेल, पण विकणारा वाढीव आवृत्तीचे पैसे घेऊन पहिली पाठवत नाही ना, एवढं पाहा.

गेमची आवृत्तीही तितकीच महत्त्वाची. फायनल फँटसी १२ मध्ये झोडियाक स्पिअर नावाचा एक जबरदस्त भाला आहे. २००६ च्या मूळ गेममध्ये आधीच्या प्रवासातल्या चार ठराविक पेट्यांपैकी एकही उघडलीत, तर तो भाला हमखास मिळण्याची वाट कायमची बंद. पेटी दिसली की उघडायची हीच आपली सवय, त्यामुळे गाइड नसलेल्याला हे कळण्याचा मार्गच नव्हता. २०१७ च्या नव्या आवृत्तीत ही अट काढून टाकली. म्हणजे जुनं गाइड घेऊन नवा गेम खेळणारा त्या चार पेट्यांना उगाच भिऊन राहील. डायब्लो २ चंही तसंच. तो गेम २००० चा, आणि २००३ मधल्या १.१० पॅचने, म्हणजे गेममधल्या सुधारणेने, स्किल (पात्राची कौशल्यं) एकमेकींना जोर देतील अशी नवी रचना आणली. त्याआधी छापलेल्या गाइडातली स्किलची पानं त्या दिवसापासून इतिहासजमा झाली. वाचायला छान, वापरायला घातक.

आणि एक गाइड न वापरण्यासाठी प्रसिद्ध आहे: फायनल फँटसी ९ चं ब्रॅडीगेम्सचं, २००० सालचं. ऐन मोक्याच्या जागी त्यात उत्तराऐवजी एक शब्द छापलेला असतो, तो प्लेऑनलाइन नावाच्या वेबसाइटवर टाकून बाकीची माहिती वाचायची. पैसे पुस्तकाचे आणि माहिती साइटवर. ती साइटवरची माहिती पुढे गेली, पुस्तकातले शब्द राहिले. गंमत म्हणून संग्रहात असायला हरकत नाही, पण पहिलं गाइड म्हणून अजिबात घेऊ नका.

तिसरी पायरी: शोधायचं कुठे

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीच्या रद्दीच्या दुकानांत कधीमधी लॉटरी लागते, पण विचारायची पद्धत हवी.

"काका, गेमची गाइडं आहेत?"

"कितवीची?"

इथे संवाद संपतो आणि समोर दहावीचं गणित येतं. त्यापेक्षा "रंगीत चित्रांची मोठी इंग्रजी पुस्तकं, कॉम्प्युटरची" असं म्हणा आणि गठ्ठा स्वतः उपसायची परवानगी मागा. अशा गठ्ठ्यांत जुन्या कॉम्प्युटर मासिकांबरोबर येणाऱ्या गेमिंग पुरवण्याही सापडतात. डिजिटसोबत निघणाऱ्या स्कोअरचे अंक मिळाले तर सोडू नका. आपल्याकडच्या मुलांनी तेव्हा कुठले गेम कसे खेळले याचा तो अस्सल पुरावा आहे.

मोठी शिकार मात्र मुंबईत. फ्लोरा फाउंटनच्या आसपासचे आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळचे फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते, शिवाय अधूनमधून लागणारी किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं. तिथे जायला तुम्ही कशाला हवेत? घरातले चाकरमानी आहेत की. गेमचं नाव, प्रकाशनाचं नाव आणि मुखपृष्ठाचा फोटो दादाला किंवा आतेभावाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. एक सूचना: गणपतीला मागवू नका, शिमग्याला मागवा. गणपतीत कोकणकन्येत माणसालाच उभं राहायला जागा नसते, वर बाहेर पाऊस. बॅगेत मोदकाच्या साच्याखाली दबून आलेलं गाइड कोपऱ्यातून उलतं ते उलतंच. शिमग्याला हवा कोरडी, गर्दी थोडी कमी. शिवाय खेड-दापोली-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखाती देशात किंवा जहाजावर असतं. त्यांनाही सांगून ठेवा. परदेशातून एकेकटं गाइड कुरिअरने मागवलं तर पोचवण्याचा खर्चच पुस्तकाच्या डोक्यावर बसतो.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून पाच फोटो मागा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा, मधलं कुठलंही उघडं पान, आणि पोस्टर असेल तर ते उलगडून. जो कण्याचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे पानं सुटलेली आहेत असं समजा. पार्सल मे महिन्याच्या मध्याआधी पोचेल असं बघा, नाहीतर सरळ दसऱ्यानंतर मागवा. जुलैत पडवीत टाकून गेलेलं पार्सल तुम्ही संध्याकाळी उचलेपर्यंत पुठ्ठा मऊ झालेला असतो.

चौथी पायरी: हातात आल्यावर

आधी वास घ्या. जुन्या कागदाचा कोरडा वास चालेल. ओलसर, कुबट वास आला तर ते गाइड बाकीच्यांच्या शेजारी ठेवायचं नाही. पंधरा दिवस वेगळ्या जागी, वाऱ्यावर. मग कण्याजवळ पानं किंचित फाकवून टॉर्चने बघा. कसरीची पिल्लं तिथेच लपतात.

पोस्टर आहे का, घडीवर फाटलंय का, आधीच्या मालकाने चेकलिस्टवर पेनाने खुणा केल्यात का, हे तपासा. पेनाच्या खुणांनी किंमत उतरते. मला मात्र अशा खुणा असलेली प्रत आवडते. कुणीतरी ९७ व्या पॅकेजपर्यंत येऊन थांबलेला दिसतो आणि उरलेली तीन आपल्यासाठी ठेवलेली.

सगळ्यांत महत्त्वाचं ते उघडणं. बहुतेक पेपरबॅक गाइडं गमने चिकटवलेली असतात, शिवलेली नसतात. वीस वर्षांत तो गम कडक आणि ठिसूळ होतो. असं गाइड मधोमध उघडून टेबलावर सपाट दाबलं की कट्‌ असा आवाज येतो आणि त्या जागी कणा दुभंगतो. तेव्हा कणा टेबलावर टेकवून उभं धरा. आधी पुढचं आणि मागचं कव्हर हळूच आडवं करा. मग पुढून दहा-बारा पानं, मागून दहा-बारा पानं, पुन्हा पुढून, असं मधल्यापर्यंत या. प्रत्येक वेळी कण्यालगत बोटाने अलगद दाबत. पाच मिनिटांचं काम आहे, पण गाइडाची पुढची दहा वर्षं त्यावर ठरतात. वापरतानाही ते पूर्ण उताणं करू नका. दोन्ही बाजूंना एकेक उशी देऊन इंग्रजी व्ही सारखं राहू द्या.

पाचवी पायरी: वाचायचं उलटं

नवीन माणूस पहिल्या पानापासून वॉकथ्रू, म्हणजे गेम पायरीपायरीने पार करायची माहिती, वाचत, एक डोळा पुस्तकात आणि एक टीव्हीवर ठेवून खेळतो. असं खेळलात तर गेमही जातो आणि गाइडही.

मी सांगेन तो क्रम असा. सुरुवातीला फक्त कंट्रोल आणि मूलभूत गोष्टींचं प्रकरण वाचा. गेमच्या स्वतःच्या ट्युटोरियलमध्ये न सांगितलेलं बरंच काही तिथे असतं. मग थेट शेवटच्या परिशिष्टात जा: शस्त्रांचे तक्ते, शत्रूंची यादी, वस्तू कुठे मिळतात ते. त्यात कथा फुटत नाही, फुटली तरी नावापुरती. तिथेच "एकदा हुकलं की हुकलं" प्रकारच्या गोष्टी शोधा आणि कागदावर चार ओळींत उतरवून घ्या. झोडियाक स्पिअरसारखे सापळे यातूनच कळतात. त्यानंतर गाइड मिटा आणि खेळा. अडलात की आधी नकाशा बघा, मजकूर नको. नकाशावरून सुटलं नाही तरच वॉकथ्रूमधला तेवढाच परिच्छेद. अख्खा वॉकथ्रू वाचायचा तो गेम संपल्यावर, पावसाळी दुपारी, पोह्याचे पापड खात. (पापड दुसऱ्या हातात. तेलाचा ठसा चकचकीत कागदावरून जात नाही.)

एज ऑफ एम्पायर्ससारख्या गेमचं गाइड वेगळ्या प्रकारे वापरावं लागतं. तिथे कथेपेक्षा आकडे महत्त्वाचे: कुठलं युनिट कशावर भारी, कशाला किती खर्च. ते पान शेजारी उघडं ठेवून मुद्दाम एकच प्रयोग करत खेळा. आज फक्त भालेवाले विरुद्ध घोडेस्वार, उद्या दुसरं काही. आकडे पाठ करण्यापेक्षा ते डोळ्यांनी खरे होताना पाहिले की डोक्यात बसतात.

खुणा करायच्या तर पुस्तकावर नको. नकाशावर बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर ठेवा आणि त्यावर मऊ पेन्सिलीने मिळालेल्या गोष्टींवर फुली मारा. पेपर हलू नये म्हणून लोखंडी क्लिप लावली तर खेळून झालं की काढून ठेवा. आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तिचा गंज पानावर उतरतो.

सहावी पायरी: मिळत नसेल तर स्वतः बांधा

प्रत्येक गाइड मिळणार नाही, आणि प्रत्येकाला पैसे घालावेत असंही नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झालेल्या गेमफॅक्स या वेबसाइटवर खेळणाऱ्यांनीच लिहिलेली हजारो मजकुरी गाइडं आहेत. काही इतकी काटेकोर की छापील पुस्तकं मागे पडतील. त्यांतले नकाशे आणि तक्ते रेघा, टिंबं, कंस यांनी काढलेले असतात. त्यामुळे नेहमीच्या फाँटमध्ये प्रिंट काढली तर सगळा चुथडा होतो. कुरिअर न्यू फाँट, १० पॉइंट, दोन्ही बाजूंना पाऊण इंच समास ठेवा. ७९ अक्षरांची एक ओळ ए-फोर कागदावर बरोब्बर बसते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट प्रिंट आणि स्पायरल, पुढे-मागे जाड प्लॅस्टिक, झालं गाइड. स्पायरलवालं सपाट उघडतं, भिजलं तर परत काढता येतं, आणि पेनाने हवं तेवढं गिरगटता येतं. लिहिणाऱ्याने बहुधा वरच लिहिलेलं असतं की खासगी वापराला हरकत नाही, विकू नका. ते पाळा.

छापील गाइडाची झेरॉक्स मात्र काढू नका. काचेवर दाबलं की वर सांगितलेला तो कट्‌ आवाज नक्की. लागेल त्या पानाचा वरून मोबाइलने फोटो काढा.

सातवी पायरी: ओल

पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांच्या खाली यायला तयार नसते. कागदाला पन्नासच्या आसपास मानवतं. पासष्ट-सत्तरच्या वर बुरशी धरायला लागते. गाइडांचा कागद साध्या कादंबरीसारखा नसतो, त्यावर चकचकीत थर असतो. ओल लागली की तो थर चिकट होतो, आणि कसर तोच थर खरवडून खाते. नकाशाच्या निळ्या समुद्रात पांढुरके ओरखडे दिसले तर ते कसरीचं काम.

म्हणून जशी आगोटीत मिरच्या, कडधान्यं, सुकी मासळी उन्हं असतानाच डब्यांत भरून ठेवतो, तसाच गाइडांचा बंदोबस्त मेच्या आधी उरकायचा. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या. एप्रिलच्या एखाद्या कडक दुपारी गाइडं पडवीत, सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन तास मोकळी ठेवा. थेट उन्हात नको, रंग उडतात आणि कव्हर वळतं. मग त्याच दुपारी डबा बंद करा. जुलैत जाग येऊन डबा घट्ट लावला तर आतली ओल आतच कोंडली जाते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणाऱ्या दाण्यांच्या मिळाल्या तर उत्तम: नारिंगी दाणे हिरवट झाले किंवा निळे गुलाबी झाले की ते भरले असं समजायचं. भरलेले दाणे नुसत्या उन्हाने नीट सुकत नाहीत, ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवावे लागतात. स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र ते टाकू नका. आकड्यांचा छोटा आर्द्रतामापक ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तो डब्यात ठेवला की अंदाजपंचे धागोदरशे थांबतं.

आजीचे उपायही चालतात. वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्याच्या पुरचुंडीत बांधून डब्याच्या कोपऱ्यात ठेवा. पानांमध्ये पाला दाबू नका, डाग पडतात. डांबराच्या गोळ्या मला पसंत नाहीत. वास कागदात कायमचा मुरतो आणि बंद खोलीत तो श्वासाला बरा नाही.

कव्हर घालायचं तर शाळेच्या वह्यांना घालतात ते मऊ, चिकट प्लॅस्टिक नको. काही वर्षांत ते छपाईला चिकटतं आणि काढताना शाई घेऊन येतं. कडक, खुसखुशीत वाजणारं पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट चालेल. तेही एका बाजूने उघडं. सेलोटेप तर कुठेच नाही.

मासिकं आणि पातळ गाइडं पिना मारलेली असतात. किनाऱ्यावर त्या पिना आधी मरतात. पिनेभोवती तपकिरी कडं दिसलं की बोथट सुरीच्या टोकाने पिनेचे पाय मागून सरळ करा, पीन पुढून ओढून काढा आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा घालून आत गाठ मारा. दिसायलाही वाईट दिसत नाही.

पानं सुटलेलं जाड गाइड बाइंडरकडे द्यायचं असेल तर वाचनालयाची पुस्तकं बांधणारा माणूस शोधा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. अशा संस्था असलेल्या गावात जुनी पुस्तकं हाताळणारे हात असतातच. त्याला बजावून सांगा: "कडा कापू नका." बाइंडरला बांधून झाल्यावर तिन्ही बाजू मशीनवर सरळ करायची सवय असते. गाइडांत मात्र पान क्रमांक, प्रकरणांचे रंगीत पट्टे आणि नकाशाचं टोक अगदी कडेपर्यंत छापलेलं असतं. पाव इंच गेला तरी उत्तरेकडचा अख्खा डोंगर गेला.

जागा कुठली? बाहेरच्या भिंतीला टेकून नको, पावसाळ्यात ती पाझरते. कौलारू घरात माळ्यावर नको, एक कौल सरकलं की खेळ खलास. जमिनीवर तर नकोच, वाळवी आहे आणि नदीकाठच्या गावांत पूरही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या दीडशे वर्षांहून जुन्या ग्रंथालयालाही त्याचा फटका बसला, आणि २००५ मध्येही. मधल्या खोलीतलं, भिंतीपासून चार बोटं सुटलेलं, छातीइतक्या उंचीचं फडताळ सगळ्यांत बरं. पूरपट्ट्यात राहत असाल तर पोटमाळ्यावर, पण बंद डब्यात.

आठवी पायरी: तरीही भिजलं तर

साधं पुस्तक भिजलं तर वाळवून निदान वाचता येतं. चकचकीत कागदाचं गाइड मिटलेलं वाळलं की त्याची वीट होते, ती पुन्हा उलगडत नाही. तेव्हा वाळू देण्याआधी पानं सुटी करायची. ओलं असतानाच एकेक पान सावकाश उलगडा, प्रत्येक दोन पानांत बटर पेपर किंवा कोरा न्यूजप्रिंट घाला. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पंखा लावा, पण झोत थेट पुस्तकावर नको. कागद ओले झाले की बदला. इस्त्री, हेअर ड्रायर, चुलीची धग यांच्या वाटेला जाऊ नका.

एकाच वेळी बरीच भिजली आणि हात पुरत नसतील तर दोन दिवसांच्या आत त्यांना गोठवा. बुरशी तिथल्या तिथे थांबते. प्रत्येक गाइड बटर पेपरमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये. मग सवडीने एकेक बाहेर काढून, वितळू देऊन, वरच्या पद्धतीने पानं सुटी करा. घरच्या फ्रीझरमध्ये सुरमई असेल तर आधी आईशी बोलून घ्या. मासळीचा वास कागदात शिरला तर आर्द्रतामापकही काही करू शकत नाही.

बुरशी धरलेलं गाइड घरात झटकू नका. अंगणात, तोंडाला मास्क लावून, आधी पूर्ण कोरडं झाल्यावर मऊ ब्रशने. ओल्या फडक्याने पुसलं तर बुरशी आत चोळली जाते.

उसनं देणं-घेणं

संग्रह थोडा वाढला की मित्र येतात. देताना पोस्टर काढून घरी ठेवा आणि पुस्तकच द्या. पोस्टर परत येत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे. वहीत तारीख आणि नाव लिहा. जून ते सप्टेंबर देणं बंद, हे आधीच सांगून टाका. दुचाकीच्या डिकीतून प्रवास करून आलेलं गाइड ओळखू येत नाही. दुबार प्रती साठल्या तर दुसऱ्या गावच्या कुणाशी अदलाबदल करा. पाठवताना दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा बोटभर मोठा पुठ्ठा, त्यावर प्लॅस्टिक, मग कागद. पत्ता प्लॅस्टिकच्या आतल्या पुठ्ठ्यावरही लिहा. बाहेरचा कागद भिजून सुटला तरी पोस्टमनला घर सापडेल.